काकांची वही, सतरा खोकी आणि ज्युडिथ मेरिल

पारिजातक | रविवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणता महिना गेला. धागा लांबणार आहे, आधीच सांगते. मला तुमची मदत हवी आहे आणि एका बाईंबद्दल सांगायचंही आहे. दोन्हींचा गुंता एकच, म्हणून एकत्र लिहिते.

माझे धाकटे काका गेल्या श्रावणात गेले. ट्रॉम्बेला अणुसंशोधन केंद्राच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागले, तिथूनच निवृत्त झाले. आधी अणुशक्तीनगरचं क्वार्टर, मग टिळकनगरला दोन खोल्या. ती इमारत आता पुनर्विकासात गेली आहे आणि महिनाअखेर किल्ली द्यायची आहे. काकू माझ्याकडे डोंबिवलीला आल्या, भांडीकुंडी वाटून झाली, कपाट विकलं. राहिली पुस्तकं. पोटमाळ्यावर, दिवाणाखाली, गॅलरीतल्या पत्र्याच्या पेटीत. भरायला बसलो तेव्हा सतरा खोकी झाली.

काकांना एकाच तऱ्हेच्या गोष्टींचं वेड होतं, विज्ञानकथा आणि त्यांच्या आसपासच्या. ते त्यांना 'उद्याच्या गोष्टी' म्हणायचे. 'नवल'चे अंक, दिवाळी अंक, भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न, नारायण धारप, मराठी विज्ञान परिषदेच्या पत्रिका, आणि पगार झाला की फाउंटनच्या फुटपाथवरून आणलेली इंग्रजी पेपरबॅक. इंग्रजी शाळेपुरतंच झालेलं, त्यामुळे डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायचे.

पेटीच्या तळाशी एक वही मिळाली. लाल कापडी पुठ्ठ्याची, हिशेबाची. १९६९च्या दिवाळीपासून सुरुवात. हाती आलेल्या अंकांतली अशी प्रत्येक गोष्ट टिपलेली: अंक, गोष्टीचं नाव, लेखक, आणि शेवटच्या रकान्यात एका ओळीत मत. 'कल्पना चांगली, शेवट घाईत.' 'यान उडतं कसं ते सांगितलेलंच नाही.' 'दोनदा वाचली.' पस्तीस वर्षं हे चालू होतं आणि घरात कुणालाही पत्ता नव्हता.

वहीच्या खालीच कव्हर फाटलेलं एक इंग्रजी पुस्तक होतं. एका वर्षातल्या निवडक विज्ञानकथा, संपादक अमेरिकन लेखिका ज्युडिथ मेरिल. पहिल्या कोऱ्या पानावर काकांनी पेन्सिलीने लिहिलंय: 'या बाईकडून शिकायचं. निवडतात कसं.'

तेव्हापासून मी या बाईंच्या मागे लागले आहे. जे कळलं ते सांगते.

जन्म २१ जानेवारी १९२३, बॉस्टन. ज्यू घर, माहेरचं आडनाव ग्रॉसमन. १९२९ साली वडिलांनी आत्महत्या केली. आई स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतली. नोकरी मिळाली तशी ती १९३६ मध्ये मुलीला घेऊन न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये आली. मुलगी सोळाव्या वर्षी शाळा संपवून डाव्या राजकारणात शिरली. ट्रॉट्स्कीवाद्यांच्या एका सहलीत डॅन झिसमन भेटला, चार महिन्यांच्या आत लग्न. १९४२च्या डिसेंबरात मुलगी झाली, तिचं नाव मेरिल.

हो, मेरिल हे लेकीचं नाव! लिहायला लागल्यावर आईने ते आडनाव म्हणून घेतलं आणि जन्मभर तेच लावलं. हे वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. बापाचं, नवऱ्याचं, गावाचं आडनाव लावणाऱ्या बायका आपण पाहतो, हल्ली आईचं नाव मधे लावणाऱ्याही पाहतो. लेकीचं नाव आडनाव म्हणून लावलेली बाई मला दुसरी माहीत नाही.

तेव्हा न्यूयॉर्कमध्ये विज्ञानकथांनी झपाटलेल्या पोरांचा एक कंपू होता, फ्युचरियन्स. आयझॅक आसिमोव्ह, फ्रेडरिक पोल, सिरिल कॉर्नब्लुथ, डेमन नाइट हे त्यातलेच. बहुतेक सगळे मुलगे, आणि त्या मोजक्या बायकांत ही. पोलशी पुढे लग्न (१९४८), दुसरी मुलगी अ‍ॅन (१९५०), आणि १९५२ मध्ये घटस्फोट. मुलींच्या ताब्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. कॉर्नब्लुथबरोबर 'सिरिल जड' या जोडनावाने तिने दोन कादंबऱ्याही लिहिल्या.

पण काकांनी तिच्याकडून शिकायचं म्हटलं ते काम वेगळं आहे. १९५६ ते १९६८ या काळात तिने जवळजवळ दरसाल वर्षातल्या उत्तम कथांचे खंड काढले, एकूण बारा. त्यासाठी काय लागतं याचा विचार करून बघा. वर्षभरात छापून आलेलं सगळं, म्हणजे सगळं, वाचायचं. टुकारही वाचायचं, कारण टुकार मासिकाच्या शेवटच्या पानावर एखादं रत्न पडलेलं असतं. आणि ती फक्त विज्ञानकथांच्या मासिकांपाशी थांबली नाही. जॉन स्टाइनबेक आणि बोर्हेससारख्यांचं लेखन, ज्यांना कुणी विज्ञानकथाकार म्हणणार नाही, तेही तिने या खंडांत घेतलं. प्रत्येक कथेला तिची छोटी टीप, शेवटी वर्षाचा आढावा. म्हणून त्या खंडांना संग्रहापेक्षा एखाद्या जाणत्या माणसाशी चाललेल्या गप्पांची चव आहे.

१९५६ मध्येच डेमन नाइट आणि जेम्स ब्लिश यांच्याबरोबर तिने पेन्सिल्व्हेनियातल्या मिलफर्ड गावी लेखकांचं शिबिर सुरू केलं. छापून येणाऱ्या लेखकांनी आपली हस्तलिखितं घेऊन यायचं, गोल बसायचं आणि एकमेकांच्या गोष्टींची चिरफाड करायची. पुढे इंग्लंडला गेली, तिथे 'न्यू वर्ल्ड्स' मासिकाभोवतीच्या तरुण लेखकांचं नवं लेखन पाहिलं आणि १९६८ मध्ये त्याचा संग्रह अमेरिकेत आणला.

त्याच वर्षी शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळी पोलिसांनी युद्धविरोधी निदर्शकांना झोडपलं. व्हिएतनामवरून आधीच संतापलेली ही बाई देश सोडून कॅनडात, टोरोंटोला गेली. पुस्तकं बरोबर होती. आणि १९७० मध्ये तिने ती सगळी, सुमारे पाच हजार पुस्तकं आणि मासिकं, शहराच्या सार्वजनिक वाचनालयाला देऊन टाकली. वय सत्तेचाळीस! आजारपण नाही, निरवानिरव नाही. हयातीत, स्वतःला रोज लागणारी पुस्तकं. त्यातून 'स्पेस्ड आउट लायब्ररी' उभी राहिली. पुढे तिला मेरिल यांचंच नाव दिलं गेलं. आज तिथे ऐंशी हजारांहून अधिक वस्तू आहेत, आणि जुन्या मासिकातली एखादी गोष्ट हवी असली तर कुणीही जाऊन टेबलाशी बसून वाचू शकतं.

आता माझा प्रश्न. सतरा खोक्यांचं काय करू? दोन वाचनालयांत विचारलं. एकाने जागा नाही म्हणून सांगितलं, दुसऱ्याने 'फक्त बांधीव पुस्तकं द्या, अंक नकोत' म्हटलं. त्यांचीही अडचण खरी आहे, मुंबईत जागा कुणाकडे आहे. रद्दीवाला किलोचा भाव सांगून गेला. मी त्याला दारातूनच परत पाठवलं, पण महिना संपत आलाय.

~

हार्बरलाइन | रविवार, रात्री ११:५२

ताई, रद्दीवाल्याला परत पाठवलंत, फार चांगलं केलंत. खोकी आमच्याकडे ठेवा. चुनाभट्टीला तळमजल्यावर खोली आहे, पाणी भरत नाही अशी. दोन-तीन महिने कुणी हलवणार नाही.

परिषदेच्या पत्रिकांचा उल्लेख वाचून राहवलं नाही. माझं लहानपण परिषदेच्या विज्ञान भवनाच्या आसपास गेलं. १९६६ ला परिषद स्थापन झाली आणि १९७० पासून तिने विज्ञानरंजन कथांची स्पर्धा सुरू केली. मराठी विज्ञानकथेसाठी या स्पर्धेने संपादकाचंच काम केलं असं मला वाटतं. १९७४ ची हकिगत बऱ्याच जणांना माहीत असेल, तरी नव्यांसाठी: स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' नावाच्या कुणाची 'कृष्णविवर' ही कथा आली आणि पहिली आली. हे जगताप म्हणजे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले जयंत विष्णू नारळीकर. आपल्याच आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी नाव घेतलं होतं, आणि हस्ताक्षर कुणी ओळखू नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. नावाच्या वजनाने बक्षीस मिळू नये, कथेच्या गुणाने मिळावं, एवढ्यासाठी. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी त्यांच्या विज्ञानकथेची दखल घेतली.

आणि बाळ फोंडके. तेही ट्रॉम्बेचेच शास्त्रज्ञ, पुढे 'सायन्स टुडे'चे संपादक. भारतीय भाषांतल्या विज्ञानकथांचा त्यांनी संपादित केलेला इंग्रजी संग्रह नॅशनल बुक ट्रस्टने १९९३ मध्ये काढला. मेरिलबाईंच्या कामाच्या जवळ जाणारं आपल्याकडचं काम मला तरी हेच दिसतं. पण तो एक खंड. दरसाल कुणी केलं नाही.

तुमच्या काकांनी केलं होतं, वहीत.

~

मोगरा_पार्ले | सोमवार, सकाळी ७:३०

वाचनखूण साठवली. वहीचे फोटो काढून ठेवा, आजच. बाकी सगळं नंतर.

~

खाडीकाठ | सोमवार, सकाळी ९:१५

पारिजातक, लेख आवडला. तरी एक तक्रार आहे आणि ती मनापासून आहे.

तुम्ही बाईंचे नवरे सांगितलेत, कंपू सांगितला, खंड, शिबिर, वाचनालय सगळं सांगितलंत. त्यांची एकही कथा सांगितली नाहीत. बायकांच्या बाबतीत हे नेहमी होतं. तिने किती जणांना पुढे आणलं, किती जणांना जेवू घातलं, याचं कौतुक होतं. तिने स्वतः काय लिहिलं ते राहून जातं.

जून १९४८ च्या 'अस्टाउंडिंग' मासिकात आलेली 'दॅट ओन्ली अ मदर' ही तिची पहिली विज्ञानकथा. पुढे अमेरिकन विज्ञानकथाकारांच्या संघटनेने मतदान घेऊन जुन्या सर्वोत्तम कथांचा मोठा खंड काढला (१९७०). त्यातल्या सव्वीस कथांत बाईने एकटीने लिहिलेली ही एकच.

अणुयुद्ध चालू आहे. नवरा कामावर लांब, बायको घरी गरोदर. किरणोत्सारामुळे व्यंग असलेली मुलं जन्मतायत आणि काही बाप त्यांना मारून टाकतायत, अशा बातम्या. हिला मुलगी होते. ही पत्रांतून कळवत राहते: किती गोड आहे, किती लवकर बोलायला लागली, गाणीसुद्धा म्हणते. शेवटी बाप सुट्टीवर घरी येतो आणि लेकीला उचलून घेतो.

मी परळच्या एका इस्पितळात प्रसूती विभागात वीस वर्षं परिचारिका होते. बाळ पहिल्यांदा आईच्या हातात देताना मी किती चेहरे पाहिले असतील. आई बाळाला बघते तेव्हा ती काय बघते आणि काय बघत नाही, ते मला ठाऊक आहे. या लेखिकेलाही ते ठाऊक होतं. आणि तिने शेवटचं पान आईच्या नजरेतून काढून बापाच्या बोटांना दिलं. बाळाच्या कपड्यांवरून तो हात फिरवतो आणि वाचणाऱ्याच्या बोटांना कळतं. आईला कळलेलंच नाही. पंचविसाव्या वर्षी छापलेली कथा आहे ही, त्यावेळी घरात पाच वर्षांची मुलगी होती. यंत्रं आणि अग्निबाण यांच्या त्या मासिकात तिने बाळंतिणीची खोली आणून ठेवली.

तसंच 'शॅडो ऑन द हार्थ' (१९५०). न्यूयॉर्कवर बॉम्ब पडतो आणि सगळी कादंबरी उपनगरातल्या एका घरात घडते, आई आणि दोन मुली. पुढे तिच्यावर टीव्ही नाटक निघालं. त्या आईला काय करावं लागतं? गॅस बंद करायचा, पाणी भरून ठेवायचं, दार कुणाला उघडायचं ते ठरवायचं. २६ जुलैला मुंबईत जी बाई मुलांची वाट बघत दारात उभी होती तिला ही कादंबरी समजेल.

~

पारिजातक | सोमवार, रात्री १०:४०

खाडीकाठताई, तक्रार मान्य. कथा सांगायला हवी होती. आज ऑफिसहून येताना गाडीत तुमचा प्रतिसाद तीन वेळा वाचला.

आणि घरी आल्यावर एक शोधलं. तुम्ही म्हणता तो सव्वीस कथांचा खंड काकांकडे आहे! ही कथाही आहे. तिच्या शेवटी समासात काकांनी लिहिलंय: 'हिला दाखवली नाही.' खाली वर्ष १९७४. माझ्या चुलतभावाचा जन्म १९७५ चा.

तेव्हा काका रोज छातीवर तो बिल्ला लावून कामाला जायचे, किरणोत्साराचा डोस मोजणारा. दर ठरावीक दिवसांनी तो तपासायला जायचा. आम्हा मुलांना त्याचं फार अप्रूप होतं. त्या बिल्ल्यामागे घरात काय काळजी असेल हे मला आज पहिल्यांदा जाणवलं.

काकूंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "दाखवली नाही, पण सांगितली होती की. मला इंग्रजी कुठे येतं. रात्री सांगायचे ते गोष्टी. त्या बाळाची सांगितली होती, गाणी म्हणणाऱ्या." मी विचारलं, शेवट काय सांगितला? "बाप घरी येतो, मुलीला घेतो, आणि ती त्याला गाणं म्हणून दाखवते."

शेवट बदलून सांगितली होती त्यांनी. मी काकूंना खरा शेवट सांगितलेला नाही. सांगणारही नाही.

~

त्रिज्या | मंगळवार, दुपारी १:०५

काकूंचं वाचून डोळे भरून आले.

एक मुद्दा मांडतो. सूची करायची असेल (आणि ती करायलाच हवी), तर आधी ठरवा की घ्यायचं काय. विज्ञानकथा आणि भयकथा एकत्र करू नका. धारपांच्या समर्थकथा (भुताखेतांशी झगडणाऱ्या समर्थ या नायकाच्या) आणि नारळीकरांच्या कथा एका यादीत आल्या तर अभ्यासकाला त्या यादीचा उपयोग होणार नाही. विज्ञानकथेत विज्ञान काढलं तर कथा कोसळली पाहिजे, ही कसोटी मी मानतो.

~

पारिजातक | मंगळवार, रात्री ९:२०

त्रिज्या, कसोटी चांगली आहे आणि काकांनाही ती माहीत असावी, कारण वहीत त्यांनी खुणा केल्या आहेत. 'वि' म्हणजे विज्ञान, 'भ' म्हणजे भय, 'अ' म्हणजे अद्भुत. पण मी सुरुवातीची दहा वर्षं मोजून पाहिली, आणि सगळ्यात जास्त खूण आहे ती प्रश्नचिन्हाची. 'गोग्रामचा चितार'पुढे 'वि', आणि धारपांच्याच दुसऱ्या कित्येक कथांपुढे 'भ?', 'वि?', 'भ-वि'. त्यांनी कुणाला बाहेर काढलं नाही.

मेरिल इथेच मला फार मोठी वाटते. 'एसएफ' या अक्षरांचा अर्थ 'सायन्स फिक्शन' एवढाच धरायला ती तयार नव्हती. तिने 'स्पेक्युलेटिव्ह फिक्शन' हा शब्द लावून धरला. शब्द तिचा नव्हे, रॉबर्ट हाइनलाइनने तो १९४७ च्या एका निबंधात वापरला होता. पण त्याच्या हाती तो विज्ञानकथेपुरताच होता, हिने त्याला ऐसपैस केलं. 'असं झालं तर?' असा प्रामाणिक प्रश्न विचारून जो माणूस शेवटपर्यंत जातो तो आपला, मग तो कुठल्याही मासिकात छापलेला असो. या भूमिकेसाठी तिला स्वकीयांकडूनही खूप ऐकून घ्यावं लागलं.

मराठीत या शब्दाला नेमका प्रतिशब्द मला सापडलेला नाही. 'विज्ञानरंजन' म्हटलं की धारप बाहेर. 'अद्भुतकथा' म्हटलं की नारळीकर बाहेर. काकांचं 'उद्याच्या गोष्टी' मला तरी पुरतं.

~

त्रिज्या | मंगळवार, रात्री ९:५८

माझं मत बदललेलं नाही. पण काकांच्या खुणा जशाच्या तशा ठेवाव्यात, प्रश्नचिन्हांसकट, याला अनुमोदन. आपण आपल्या खुणा वेगळ्या रकान्यात करू.

~

माटुंगेकर | बुधवार, सकाळी ८:१०

किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर माझ्या वडिलांचा पुस्तकांचा धंदा होता, पुढे काही वर्षं मी बसलो. म्हणून कामाचं तेवढं सांगतो.

अंकांच्या पिना आधी काढा. मुंबईच्या हवेत पिना गंजतात आणि गंज कागद खातो, मधलं पान आधी जातं. पिन काढून पांढऱ्या सुती दोऱ्याने दोन टाके घाला. सेलोटेप अजिबात लावू नका. आज चिकटेल, पाच वर्षांत पिवळा डाग सोडून गळून पडेल आणि डागाखालचं अक्षर जाईल. लॅमिनेशन त्याहून वाईट.

कसर लागलेली खोकी वेगळी करा. संशय असेल तो गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधा आणि डीप फ्रीजरमध्ये आठ-दहा दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, गार कागदाला दमट हवा लागली तर पाणी धरतो. एक दिवस तशीच राहू द्या. उन्हात घालू नका, त्या काळचा कागद आधीच तांबूस झालेला असतो, उन्हात त्याचा पापड होतो.

धंद्यातली एक गोष्ट सांगतो. ग्राहक कादंबरी घेतो, अंक घेत नाही. दिवाळी संपली की दिवाळी अंक रद्दीच. कादंबरीची दुसरी आवृत्ती निघते, अंकाची कधीच नाही. त्यामुळे कथासंग्रहात न गेलेली गोष्ट त्या अंकाबरोबर मरते. वडिलांच्या हातून अशी किती टनाने गेली असतील. तेव्हा कळत नव्हतं. टिळकनगरची खोकी उचलायला मी येतो, टेम्पोची सोय माझी.

~

हार्बरलाइन | बुधवार, रात्री ११:३०

माटुंगेकर, शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. शं. ग. दात्यांनी मराठी ग्रंथांची सूची केली, १८०० ते १९३७ पर्यंतच्या पुस्तकांची. एका माणसाने गावोगावची ग्रंथालयं पालथी घालून केलेलं काम आहे ते. पण ती ग्रंथांची सूची. अंकांत विखुरलेल्या गोष्टी त्यात यायच्या नव्हत्या.

स्कॅन करून सरसकट जालावर टाकू, असं कुणी सुचवण्याआधी सांगतो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. १९७० च्या दशकात लिहिणारे बहुतेक सगळे त्या मुदतीत आहेत. तेव्हा वारसांना विचारल्याशिवाय कथा टाकता येणार नाहीत. सूचीला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. अंक कुठे आहे हे कळलं तरी वाचणारा तिथपर्यंत जातो. टोरोंटोचं ते वाचनालय हेच करतं, पुस्तक घरी देत नाही, जागेवर वाचायला देतं.

~

मोगरा_पार्ले | गुरुवार, दुपारी ३:००

मेरिलबाई जपानला गेल्या होत्या ना? कुठेतरी वाचल्याचं आठवतं.

~

पारिजातक | गुरुवार, रात्री १०:१५

हो, ते राहिलंच. १९७० मध्ये जपानात विज्ञानकथाकारांचं आंतरराष्ट्रीय संमेलन झालं, त्याला आर्थर क्लार्क, ब्रायन ऑल्डिस, फ्रेडरिक पोल यांच्याबरोबर मेरिलही होत्या. नंतर त्या पुन्हा जाऊन काही महिने राहिल्या, जपानी विज्ञानकथा इंग्रजीत आणायला. स्वतःला जपानी पुरेसं येत नव्हतं, म्हणून तिथल्या अनुवादकांबरोबर बसून, एकेका वाक्याचा अर्थ विचारून घेत काम केलं. पन्नाशी गाठत आलेली बाई. माझ्या मनात आलं, त्या वेळी कुणी तिला मुंबईला बोलावलं असतं तर?

कॅनडातही ती स्वस्थ बसली नाही. १९७६ मध्ये तिथलं नागरिकत्व घेतलं. टीव्हीवर 'डॉक्टर हू' मालिकेचे भाग झाले की त्यांवर छोटी टिप्पणी करायला यायची, त्यासाठी तिचं नाव होतं 'अनडॉक्टर'. म्हणजे कॅनडातली एक पिढी तिला टीव्हीवरची मावशी म्हणून ओळखते. आणि १९८५ मध्ये तिने 'टेसरॅक्ट्स' हा कॅनडातल्या लेखकांचा संग्रह संपादित केला. पुढे ती मालिकाच झाली, दुसऱ्या संपादकांच्या हातून.

१२ सप्टेंबर १९९७ ला टोरोंटोत गेली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी. आत्मचरित्र अर्धवट होतं. नात एमिली पोल-वेअरी हिने आजीची टिपणं, पत्रं एकत्र करून ते पुरं केलं, २००२ मध्ये आलं आणि पुढच्या वर्षी त्याला विज्ञानकथांच्या जगातला ह्यूगो पुरस्कार मिळाला. आजीचं पुस्तक नातीने पुरं केलं, हे वाचल्यावर मी काकांची वही उशाशी घेऊन झोपले.

खाडीकाठताई, तुमच्या तक्रारीवर अजून विचार करतेय. तिने पुढे कथा फार कमी लिहिल्या हे खरं. पोट, मुली, कोर्ट, आणि दुसऱ्यांच्या गोष्टींचे ढीग. आणखी लिहायला हवं होतं असं मलाही वाटतं. पण दुसऱ्याचं वाचणं हे काम म्हणून कमी आहे असं मला आता म्हणवत नाही.

~

खाडीकाठ | शुक्रवार, सकाळी ६:५०

कमी मी म्हटलं नव्हतं. दोन्ही सांगा, एवढंच म्हटलं. रविवारी मीही येते. अक्षर चांगलं आहे माझं, आणि मराठी टायपिंगही येतं.

~

पारिजातक | रविवार, रात्री ११:४५

सतराच्या सतरा खोकी चुनाभट्टीला पोचली. माटुंगेकरांचा टेम्पो, हार्बरलाइनची खोली, खाडीकाठताई आणि त्यांची भाची, त्रिज्या स्वतः पोटमाळ्यावर चढले. काकू पूर्ण वेळ खुर्चीवर बसून होत्या, प्रत्येक खोकं खाली उतरताना त्यावरचा आकडा मोठ्याने म्हणत होत्या. दोन खोक्यांना कसर आहे, ती वेगळी ठेवली. तीन खोक्यांच्या पिना आजच काढून झाल्या.

वहीची टंकाई सुरू केली आहे. रकाने असे ठरले: वर्ष, अंक, कथा, लेखक, काकांची खूण, काकांचं मत, आपली खूण, अंक खोक्यात आहे की नाही.

एका नोंदीपाशी अडलो आहोत. १९७४ च्या पानावर काकांनी लिहिलंय: 'परिषदेची स्पर्धा. कृष्णविवर. नारायण विनायक जगताप. पहिला नंबर. वि.' मतापुढे: 'हा माणूस कोण आहे? विज्ञान पक्कं आहे.' आणि त्याच्या खाली, नंतर कधीतरी, हिरव्या शाईत: 'नारळीकर!!'

लेखकाच्या रकान्यात काय भरायचं? त्रिज्या म्हणतात, खरं नाव, म्हणजे शोधणाऱ्याला सगळ्या कथा एकत्र सापडतील. खाडीकाठताई म्हणतात, छापताना घेतलेलं नाव. ज्युडिथ ग्रॉसमन, झिसमन, पोल, मेरिल आणि अर्धी सिरिल जड, यांतली कोणती बाई कुठल्या रकान्यात शोधायची, असं त्यांनी विचारलं आणि त्यावर तासभर चर्चा झाली.

मी तूर्त दोन रकाने केले आहेत. 'लिहिलं त्या नावाने' आणि 'माणूस'. पहिल्यात जगताप, दुसऱ्यात नारळीकर. 'हा माणूस कोण आहे?' तसंच ठेवलंय, आणि हिरव्या शाईतलं पुढे कंसात. उद्या १९७५ ला हात घालते. कुणाकडे त्या वर्षीचे दिवाळी अंक असतील तर इथे कळवा. वहीत अकरा गोष्टी आहेत, त्यातल्या चारांचे अंक खोक्यांत नाहीत.